राहिलेली सही

"मॅडम, तुमची एक सही राहिलीय," काउंटरमागची योगिनी म्हणाली आणि पिवळ्या फायलीतून एक कागद काढून तिने काचेखालून पुढे सरकवला. संजनाच्या मागे रांगेत अजून चार बायका होत्या, शेजारी तिचा नवरा नवनाथ पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मंगळवार, दहा फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. सोनोग्राफी नुकतीच झाली होती, गर्भाशयाचं अस्तर चांगलं आलं होतं, गुरुवारी भ्रूण ठेवायचा असं डॉक्टर मॅडमनी हसून सांगितलं होतं. गोठवलेला, एकुलता एक. तिच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आणखी मिळतील असं कोणी म्हणत नव्हतं. तरी त्या हसण्याची ऊब अजून अंगावर होती. तिने पेन उघडलं आणि कागद वाचायला घेतला. "फक्त सही, मॅडम," योगिनी म्हणाली. "तारीख आम्ही टाकतो."

पान क्रमांक अकरा. मथळा, 'वापरास अयोग्य भ्रूण नष्ट करण्याबाबत दांपत्याची संमती.' खाली छापील मजकूर आणि त्यात रिकाम्या जागा, ज्या आता रिकाम्या नव्हत्या. निळ्या शाईत कोणीतरी भरलं होतं : तयार झालेले भ्रूण, पाच. नष्ट केलेले, तीन. 'अयोग्य ठरवण्याचा आधार' या ओळीपुढे गुणांचे तीन आकडे होते, ४.४, ३.८, २.१, आणि त्यापुढे भ्रूणतज्ज्ञाच्या सहीच्या चौकटीत छापलेलं वाक्य : ही नोंद संगणकप्रणालीने तयार केली असल्याने सहीची आवश्यकता नाही. पत्नीच्या आणि पतीच्या सहीच्या जागी पेन्सिलीने दोन फुल्या. तारखेच्या जागी, पुसता येईल इतक्या हलक्या हाताने, २१/९. संजनाने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा अर्थ लागला नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा लागला म्हणून.

"पाच?" ती म्हणाली.

"हो मॅडम. पाच झाले होते ना तुमचे."

"मला दोन सांगितले होते."

"दोन चांगले, असं सांगितलं असेल, मॅडम."

आठ ऑक्टोबरला ती आतल्या खोलीत टेबलावर पाय वर करून पडली होती, भिंतीवरच्या पडद्यावर एक उजळ ठिपका होता, आणि डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, दोन छान मिळालेत, एक आज ठेवू, एक गोठवू. मोबाइलमधल्या सेंटरच्या ॲपवर हिरव्या चौकटीत 'योग्य : २' असं आलं होतं. तिने बाकीचे विचारले नव्हते. बाकीचे असतात हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. उलट या वयात दोन मिळाले म्हणून ती स्वतःला नशीबवान समजली होती, आणि आता काउंटरच्या काचेत स्वतःचं तोंड बघताना त्या नशीबवान बाईला धरून गदागदा हलवावं असं तिला वाटलं. कानाच्या पाळ्या तापल्या. दाताखाली लोखंडाचा कीस आल्यासारखं झालं.

राहिलीय. शब्द तोच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून देवळ्याहून सासूबाईंचा, चतुराबाईंचा, फोन यायचा, कांद्याचं, गाईचं, कोणाच्या तरी बाळंतपणाचं बोलून झालं की आवाज खाली आणून त्या विचारायच्या, "काही राहिनं का व?" बाईला दिवस राहतात. गर्भ राहतो. राहिलं तर तिचं भाग्य आणि नाही राहिलं तर तिचा दोष, असा हिशोब त्या एका क्रियापदात घालून ठेवलेला आहे, आणि कर्ता कोण ते भाषेनेच सांगायचं टाळलं आहे. दिवाळीत राहिलं. आठ नोव्हेंबरला सकाळी कामावर निघताना न्हाणीघरात कळलं की नाही राहिलं. चतुराबाईंना सांगायला नवनाथने दोन दिवस लावले. आणि आता सहीसुद्धा राहिली होती, आपली आपण, कोणी ठेवल्याशिवाय, कोणी विसरल्याशिवाय.

पण ती कशी राहिली हे तिला माहीत होतं. एकवीस सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या. इलाज पाळीच्या दिवसांवर चालतो, पंचांगावर चालत नाही, त्यामुळे पहिल्या इंजेक्शनचा दिवस नेमका तोच आला. नवनाथ पहाटे पंचवटीत जाऊन वडिलांचं करून आला होता, केस अजून ओले, गर्दीत कोणीतरी चप्पल नेली म्हणून वैतागलेला. समोर कागदांचा गठ्ठा आला. अकरा पानं. योगिनी पानं उलटत होती आणि बोट ठेवत होती, इथे मॅडम, इथे सर, इथे, इथे. दहा पानांवर सह्या व्हायला चार मिनिटंही लागली नाहीत. संजना, जी अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात अठरा वर्षं काढलेली आणि वाचल्याशिवाय सही न करण्यासाठी बदनाम असलेली बाई, तिने त्या दहा पानांतली एकही ओळ वाचली नव्हती. अकराव्या पानावर नवनाथने मथळा वाचला आणि पेन खाली ठेवलं. "हे आज नको," तो म्हणाला. "नष्ट करायच्या कागदावर आज सही नको. पितरांचा दिवस आहे." योगिनी हसली होती. "चालेल सर, उद्या करा. आमचे सासरेपण असंच म्हणतात." संजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परतताना गाडीवर मागे बसून तिने त्याला टोमणा मारला होता, "कंपनीतल्या मशीनला विचारता का हो, आज अमावास्या आहे, फिरू का नको?" संगणकावर चालणाऱ्या लेथ दुरुस्त करणारा तिचा नवरा मान न वळवता म्हणाला होता, "मशीनला बाप नसतो, संजू." दुसऱ्या दिवशी कोणी सही मागितली नाही. हे दोघेही विसरले.

"योगिनी," ती म्हणाली, "ही सही झालेली नसताना तीन टाकले कसे?"

योगिनीने मागच्या रांगेकडे बघितलं. मग फोन उचलून हळू आवाजात कोणाला तरी बोलावलं. पाच मिनिटांनी आतून हिरव्या टोपीतली एक मुलगी आली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हातात टॅबलेट, पायांत प्रयोगशाळेतल्या स्लिपर. "मी वेदिका. भ्रूणतज्ज्ञ," ती म्हणाली आणि दोघांना भिंतीकडच्या कोचावर घेऊन गेली. तिने शांतपणे समजावून सांगितलं. पाच दिवस भ्रूण ज्या पेटीत वाढतात तिच्यात कॅमेरा असतो. दर दहा मिनिटांनी फोटो. सिस्टीम त्यावरून दहापैकी गुण देते. साडेचारच्या वर असेल तो ठेवायचा किंवा गोठवायचा. खाली असेल तो यादीत जातो आणि दिवसअखेर यादी रिकामी होते.

"आणि संमती?"

"संमतीचा कॉलम असतो, मॅडम. त्यात टिक आधीच असते. कोणी नाही म्हटलं तर आम्ही काढतो."

"नाही म्हणायला मला विचारलं कधी?"

वेदिकाने टॅबलेट मांडीवर उलटा ठेवला.

"हा चार पॉइंट चार," संजना म्हणाली. "हा डोळ्यांनी कोणी बघितला?"

"सिस्टीम बघते, मॅडम. माणसापेक्षा जास्त बारकाईने बघते. आमच्यात दोघींचं कधी कधी एकमत होत नाही, सिस्टीमचं तसं नसतं."

"तुम्ही बघितला?"

"त्या दिवशी चौदा केसेस होत्या." तिने टोपीच्या कडेतून आलेले केस आत खोचले. "बघितला असता तर मी काय म्हटलं असतं हे मी बोलू शकत नाही, मॅडम. नोकरी आहे."

"फोटो दाखवा मग. मी बघते."

"फोटो आमच्याकडे राहत नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवर जातात. सिस्टीम त्यातूनच शिकते ना."

"टाकलेल्यांचेपण?"

"टाकलेल्यांचे जास्त लागतात," वेदिका म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच ते कसं ऐकू आलं ते तिच्या तोंडावर दिसलं. "त्याची संमती आहे, मॅडम. पान सहा. त्यावर तुमची सही आहे."

पान सहा. चार मिनिटांतलं एक पान. म्हणजे जे टाकायचं ते न विचारता टाकलं आणि जे ठेवायचं ते विचारून ठेवलं, आणि ठेवलेलं तिचं नव्हतं. कुठल्या तरी शहरातल्या थंड खोलीत तिच्या तीन भ्रूणांचे दर दहा मिनिटांचे फोटो होते, पाच दिवसांचे, आणि त्यांच्याकडे बघून एक यंत्र शिकत होतं की असं दिसलं की टाकायचं. तिच्या अंगातून निघालेली गोष्ट पुढच्या बाईच्या भ्रूणावर लावायची पट्टी झाली होती. त्यांना नाव ठेवलं होतं. अयोग्य. आपल्याकडे मुलाचंही नाव ठेवतात आणि सुनेलाही नावं ठेवतात, या तिघांना एकच मिळालं.

यंत्राबद्दल तिला आकस नव्हता. यंत्रं तिला ठाऊक होती. अंबडला तिच्या लाइनवर इंजिनात बसणाऱ्या रिंगा यायच्या, दिवसाला नऊ हजार, आणि चार वर्षांपूर्वी तिथेही कॅमेरा बसवला होता. पांढऱ्या दिव्याखालून रिंग जाते, कॅमेरा बघतो, पटली नाही तर बाजूने हवेची फुंकर येते आणि रिंग लाल पेटीत पडते. बायकांनी पहिल्या आठवड्यातच त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं. "काय गं, आज सासूबाईंचं कसं काय?" "सकाळपासून तोंड वाकडं. दोनशे काढल्या." "आदल्या शिफ्टची सून असेल." सासूबाईंची नजर खरंच तीक्ष्ण होती, केसाएवढा ओरखडा सुटायचा नाही. पण रिंगेवर कूलंटचा, थंडाव्याच्या तेलपाण्याचा, थर राहिला आणि त्यावर दिवा चमकला की त्यांना तोही ओरखडाच दिसायचा. म्हणून लाल पेटीपाशी माणूस होता. तो माणूस म्हणजे संजना. पेटीतली एकेक रिंग काढायची, फडक्याने पुसायची, भिंगाखाली धरायची, मापाचं गेज लावायचं. शंभरातल्या सात-आठ परत जायच्या. तिला हे काम शिकवणारे बहिरूदादा निवृत्त होऊन गणपतीतल्या सत्यनारायणापुरते उरले होते, पण त्यांचं एक वाक्य लाइनवर अजून होतं : आधी पुस, मग नाव ठेव. उरलेल्या ब्याण्णव भंगारात जायच्या, तेही तिच्या आणि सुपरवायझरच्या, दोन सह्या झाल्यावर. लोखंडाच्या रिंगेला दोन सह्या. कोणी कंपनीत आला आणि म्हणाला, सासूबाईंनी काढल्या की थेट भट्टीत घाला, मध्ये कोणी बघायची गरज नाही, तर त्याला कँटीनमध्येसुद्धा बसू दिलं नसतं.

आणि तरीही. हे तरीही तिला कोचावर बसल्या बसल्या नको असताना आठवलं. दहा नोव्हेंबरला, न्हाणीघरातल्या त्या सकाळनंतर दोन दिवसांनी, ती कामावर गेली होती, कारण घरी भिंतींकडे बघणं शक्य नव्हतं. पेटी भरलेली होती. तिने आत हात घातला नाही. खुर्चीवर बसली आणि दुपारपर्यंत बसूनच होती, आणि शिफ्ट संपताना चारशे बारा रिंगांच्या भंगार-चिठ्ठीवर सही केली. चारशे बारा. हिशोबाने त्यात तीसेक तरी धड असणार. कोणाला कळलं नाही, कोणाचं बिघडलं नाही, लोखंड वितळून पुन्हा लोखंड होतं. पण तिने न बघता सही केली होती, आणि ते आठवल्यावर राग कमी होण्याऐवजी वाढला, कारण आता तो एकाच बाजूला जात नव्हता. निदान तिची सही त्या चिठ्ठीवर होती. उद्या कोणी विचारलं असतं तर बोट दाखवायला एक माणूस होता. इथे चौकटीत माणूसच नव्हता. ठरवणाऱ्याला सहीची आवश्यकता नव्हती. सहीची आवश्यकता फक्त तिला होती.

डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. त्यांनी दार बंद केलं, खुर्ची टेबलाच्या या बाजूला घेतली, संजनाच्या गुडघ्यावर हात ठेवला. चांगल्या डॉक्टर होत्या. नोव्हेंबरात त्यांनी स्वतः फोन केला होता. "संजना, तुला वाईट वाटलं, मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण बहिणीसारखं सांगते, त्या तिघांतून काही हाती लागलं नसतं. उगाच तीनदा आशा, तीनदा त्रास. आम्ही तुला त्यातून वाचवलं."

"मॅडम, साडेचारची रेघ कोणी ठरवली?"

"कंपनीने. हजारो केसेसवरून."

"नेहमी साडेचारच होती?"

डॉक्टर मॅडमनी हात गुडघ्यावरून उचलून चष्मा काढला. "मागच्या जूनमध्ये अपडेट आला. त्याआधी चार होती."

"म्हणजे मेमध्ये आले असते तर तो राहिला असता."

"असा विचार करायचा नसतो."

"कसा करायचा असतो?"

त्यांचा आवाज बदलला, वाईट झाला नाही, फक्त सरकारी झाला. सरकारी बोर्डाकडून फायलींची तपासणी येणार होती. कायद्याने लेखी संमती लागते, प्रत्येक टप्प्याची, आणि अपुऱ्या फायलीवर पुढची प्रक्रिया करता येत नाही. त्यांच्या हातात काही नव्हतं. हे पान पूर्ण झालं की गुरुवारी सकाळी नऊला भ्रूण ठेवता येईल. "आणि तारीख बाकीच्या पानांचीच लागेल," त्या म्हणाल्या. "नंतरची तारीख असलेली आधीची संमती कशी असेल? तूच सांग. तू तर क्वालिटीत आहेस."

क्वालिटीत आहेस. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. बाईला विचारल्याशिवाय काही करू नये म्हणून एक कायदा झाला होता. कोणीतरी कुठेतरी हाडं झिजवून तो करून घेतला असेल. आणि तोच कायदा हातात धरून ही शहाणी, प्रेमळ बाई तिला सांगत होती की विचारलं होतं असं लिहून दे. भिंतीच्या पलीकडे, उणे एकशे शहाण्णव अंशांवर, एका बारीक काडीवर तिचा राहिलेला एक होता. त्याला सहा पॉइंट नऊ गुण होते. डॉक्टर मॅडम त्याच्यावर बोट ठेवून बोलत नव्हत्या, तसं बोलायची गरजही नव्हती.

बाहेर पायऱ्यांपुढे रस्ता कुंभाच्या कामासाठी खणून ठेवला होता, मातीच्या ढिगावर कोणीतरी गाड्या लावल्या होत्या. नवनाथ कठड्याला टेकला. "कर ना सही," तो म्हणाला. "गेल्याचं काय करणार? आहे त्याचं बघू. गुरुवार महत्त्वाचा."

"तुम्ही तेव्हा का नाही केली?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं काय? आज करायला लावताय ती सही त्याच दिवसाची आहे. एकवीस सप्टेंबर. अमावास्येला तुमच्याच हाताने करताय नष्टच्या कागदावर सही."

ती बोलत सुटली. त्याच्या कपाळावरच्या गंधाबद्दल, त्याच्या चपलेबद्दल, लग्नाला तेरा वर्षं झाली तरी प्रत्येक डॉक्टरपुढे होय मॅडम, हो मॅडम म्हणत डोलणाऱ्या त्याच्या मानेबद्दल. बोलताना तिला कळत होतं की ज्या खुळ्या समजुतीची तिला लाज वाटली होती तिच्यामुळेच तो एक कागद कोरा होता. अकरा पानांत फक्त तेवढ्याच पानावर ती अजून बाकी होती. आणि ते तिच्या शहाणपणामुळे झालेलं नव्हतं. ते पितरांमुळे झालेलं होतं. यावर हसावं की थोबाडीत मारून घ्यावी हे न कळून ती आणखी चिडली.

नवनाथने शेवटी त्याला माहीत होतं ते केलं. आईला फोन लावला, स्पीकर चालू केला. "माय, हिले जरा समजाड," तो म्हणाला, आणि थोडक्यात सांगितलं. संजनाने डोळे मिटले. आता येईल. मोठ्या माणसांशी वाकडं घेऊ नकोस, वंशाचा प्रश्न आहे, सगळ्यांची चाळिशीत बुद्धी अशी फिरत नाही. पलीकडे कोंबडी ओरडत होती, बादलीची कडी वाजली.

"तीन व्हतात?" चतुराबाईंनी विचारलं.

"हो माय. पण मशीन म्हणे चांगला नव्हतात."

"मशीनले काय समजस? तुन्हा बाप आठ महिन्याना व्हता, सुपात ठेयेल व्हता त्याले." नवनाथने फोन कानाजवळ नेला आणि परत लांब धरला. "संजना शे का तठे?"

"आहे आई," संजना म्हणाली. "बोला."

"तुले इचारं बी नही व त्यास्नी?"

इतक्या वर्षांत या बाईने तिला जे विचारलं होतं ते सगळं एकाच शब्दाभोवती होतं आणि त्या प्रत्येक फोननंतर संजना भांडी आदळत असे. आज त्याच आवाजात वेगळाच प्रश्न आला होता. "नाही आई," ती कशीबशी म्हणाली.

"मंग?" चतुराबाई म्हणाल्या. एवढंच. मग नवनाथला उद्देशून गाईच्या डॉक्टरबद्दल काहीतरी बोलून फोन ठेवला.

ती आत गेली. रांग तेवढीच होती, माणसं बदलली होती. तिने योगिनीकडून कागद मागून घेतला, काउंटरच्या कडेला ठेवला, खोडरबर मागितलं. पेन्सिलीची तारीख पुसली आणि त्या जागी शाईने लिहिलं, १०/२/२०२६. मग खालच्या कोऱ्या भागात, भंगार-चिठ्ठीवर शेरा लिहिताना यायचं त्या सरळ, सुट्या अक्षरात : वरील तीन भ्रूण ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नष्ट करण्यात आले. त्याआधी मला विचारलं नाही. एकूण पाच होते हे मला आज समजलं. पुढचं वाक्य हातात तयारच होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तिने 'विचारलं असतं तर मी' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

म्हटलं असतं का? त्या टेबलावर, वर उचललेल्या पायांनी, पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघत असताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या असत्या, अजून तीन आहेत पण दम नाही त्यांच्यात, काय करू या? ती म्हणाली असती, तुम्ही ठरवा मॅडम. बहुतेक हेच म्हणाली असती. किंवा नसती. किंवा नवनाथ बाहेरून म्हणाला असता, राहू द्या, आणि तिने त्याच्याकडे बघून मान हलवली असती. किंवा म्हणाली असती, तो पहिला ठेवा, त्याला फक्त एक दशांश कमी आहे, दाखवा मला, मी बघते. तिने खूप प्रयत्न केला त्या टेबलावरच्या बाईला बोलतं करायचा. ती बोलेना. आणि मग तो राग आला जो सकाळपासून दुसऱ्या रागांच्या मागे उभा होता. त्यांनी तीन भ्रूण नेले होते ते नेले होते. तिने तेव्हा काय म्हटलं असतं तेही त्यांनी नेलं होतं. ते आता कुठल्याच सर्व्हरवर नव्हतं. हो असतं तर हो तिचं असतं, चुकलं असतं तर चूक तिची असती, रडली असती तर कशासाठी ते तिला माहीत असतं. तिच्या आयुष्यातलं एक उत्तर कोणीतरी आधीच टिक करून ठेवलं होतं, आणि आता खोटं लिहून ते तिच्याच अक्षरात परत मागत होते. तिला खोटं त्यांच्यासाठी लिहायचं नव्हतं, तसंच स्वतःसाठीही नाही. तिने वाक्य पुरं केलं : विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते आता मलाही सांगता येणार नाही. खाली सही केली. मोबाइलमध्ये कागदाचा फोटो काढला.

नवनाथने कागद ओढून घेतला. तो वाचताना ओठ हलवतो, त्यामुळे तो कुठल्या शब्दावर आहे ते तिला दिसत होतं. शेवटच्या ओळीवर तो बराच वेळ होता. मग त्याने हात पुढे केला आणि तिने त्यात पेन दिलं. "तारीख आजचीच?" त्याने विचारलं. "आजचीच," ती म्हणाली. त्याने सही केली, त्याची ती लांबलचक, खाली दोन ठिपके देणारी, बँकेत कायम परत येणारी सही.

योगिनीने कागद उभ्या उभ्या वाचला. "मॅडम, हे असं नाही चालणार," ती म्हणाली. आवाजात आता ते मऊ मॅडम नव्हतं, भीती होती. "हे लीगलला पाठवावं लागेल. डॉक्टर मॅडम मला..." ती संगणकाकडे वळली, माउस हलवला, काहीतरी उघडलं. संजना वाट बघत उभी होती. कोचावरची एक बाई, पर्स छातीशी धरून त्यांच्याकडेच बघत होती.

"मग गुरुवारचं," योगिनी म्हणाली, "कॅन्सल करू का मॅडम?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

योगिनी गोंधळली. "हो. म्हणजे, विचारतेच आहे."

"मग उत्तर लिहून घ्या," संजना म्हणाली. "नाही. कॅन्सल करायचं नाही. माझं नाव लिहा, वेळ लिहा, बारा वाजून दहा मिनिटं. आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा."